डॉक्टर, निरवानिरवीला वेळ राहू द्या

महाराष्ट्रातील सर्व सन्माननीय डॉक्टरांस,



कर्करोग, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुसं, मेंदू यांच्या बऱ्या न होणाऱ्या आजारांवर उपचार करणाऱ्या तुम्हा सर्वांना हे पत्र आहे. कोणा एका डॉक्टरविरुद्धची ही फिर्याद नाही. माझ्या आईवर ज्यांनी उपचार केले ते हुशार होते, कष्टाळू होते, आणि त्यांनी आम्हाला कधी फसवलं नाही. तरीही माझी तक्रार आहे. आई गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांशी बोलताना कळलं, की हीच तक्रार घरोघरी आहे. म्हणून जाहीरपणे लिहिते.

आई गेली आणि त्यानंतर भावाने आणि मी मिळून साताऱ्यातलं आमचं जुनं घर रिकामं केलं. आजारपण डॉक्टरांचं आणि घर वारसांचं, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. दोन्ही पाठोपाठ पार पाडल्यावर माझी खात्री झाली, की ही वाटणी चुकीची आहे. आपले दिवस थोडे उरलेत हे ज्याला वेळेवर कळतं, तो माणूस आपली निरवानिरव आपल्या हाताने करतो. कोणाचं देणं आहे, कोणती वस्तू कोणाला द्यायची, कोणाशी बोलायचं राहिलंय, हे त्याचं त्यालाच ठाऊक असतं. ज्याला कळत नाही, त्याच्या मागे राहिलेली माणसं हे सगळं अंदाजाने उरकतात. वेळेवर कळणं न कळणं हे मुख्यतः तुमच्या हातात असतं. माझ्या साऱ्या तक्रारी आणि विनंत्या इथूनच निघतात.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पेठेत तिला सगळे 'बाई'च म्हणत. कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या आणि स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. तोवर तो यकृतात पसरला होता. पित्तनलिकेत स्टेंट बसला, कावीळ उतरली, किमो सुरू झाली. या आजारात, या टप्प्यावर, उरलेलं आयुष्य बहुधा महिन्यांत मोजावं लागतं, हे आज मला माहीत आहे. तुम्हाला ते पहिल्या दिवशी माहीत होतं. आमच्या वाट्याला आलेली वाक्यं अशी होती: "बघू या, रिस्पॉन्स कसा येतो." "पॉझिटिव्ह राहा." "वयाच्या मानाने छान सहन करताहेत." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण त्यांच्या भरवशावर आईने दिवाळीनंतर घराला रंग द्यायचा बेत केला आणि रंगाऱ्याला ॲडव्हान्सही दिला.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. खरी परिस्थिती सांगितली गेली ती माझ्या भावाला, कॉरिडॉरमध्ये, लिफ्टची वाट बघत असताना. "फार आशा ठेवू नका. आईंना मात्र सांगू नका, हाय खातील." जिचं शरीर, जिचा आजार, जिच्या सहीने प्रत्येक उपचार सुरू झाला, तिला सोडून बाकी सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी कोणाशी मोकळेपणाने बोललं नाही. भाऊ फोन आला की बाहेर जाऊन बोलायचा. मी रिपोर्टची फाइल आईच्या नजरेआड ठेवायची. आई ते सगळं बघत होती आणि काही विचारत नव्हती.

पुढे पुण्यातल्या एका पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, डॉक्टरांकडे आम्ही तिला नेलं. त्यांनी फाइल बाजूला ठेवली, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि विचारलं, "बाई, आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" आई म्हणाली, "मी आता यातून उठत नाही, असं वाटतं. पण ही मुलं फार उमेद धरून आहेत, म्हणून मी बोलले नाही." आम्ही तिला जपत होतो आणि ती आम्हाला जपत होती. एका प्रश्नाने ती कोंडी फुटली. तो प्रश्न आधीच्या कोणत्याही भेटीत विचारता आला असता.

मला माहीत आहे की पुष्कळदा नातेवाईकच तुम्हाला गळ घालतात, "पेशंटला काही कळू देऊ नका." त्यांची भीती खरी असते आणि तुम्ही तिचा मान राखता. माझी विनंती एवढीच, की तो मान राखतानाही एक वाट मोकळी ठेवा. नातेवाइकांना सांगा, "मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. किती कळायला हवंय, हे मी त्यांनाच विचारतो." मग रुग्णाला विचारा, "तुम्हाला आजाराची सगळी माहिती हवी आहे, की थोडी? आणि ती कोणासमोर?" एखादा म्हणेल, "मला नको, माझ्या मुलीला सांगा." तो त्याचा हक्क आहे. पण हे ठरवणारा तो असू दे. तारीख कोणीच मागत नाही. वर्षं आहेत, महिने आहेत की आठवडे, एवढं सांगितलं तरी माणसाला पुढचं ठरवता येतं.

दुसरी तक्रार अशी, की पॅलिएटिव्ह केअर हे नाव आम्हाला तुमच्या तोंडून कळलं नाही. ते सांगितलं किमोच्या वॉर्डात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका बाईंनी, ज्यांच्या यजमानांना त्या सेवेने फरक पडला होता. तुमच्याकडून शेवटी ऐकलं ते एवढंच: "आता इथे करण्यासारखं काही उरलं नाही, घरी घेऊन जा."

करण्यासारखं पुष्कळ असतं, हे जगाला ठाऊक होऊन जमाना लोटला. सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये अशा रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणारं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं १९६७ साली. आपल्या मुंबईत, वांद्र्याला, डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने शांती आवेदना सदन सुरू झालं १९८६ मध्ये. देशातलं ते पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. केरळात कोळिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून घरोघर जाणाऱ्या परिचारिका आणि स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, आणि २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे त्यात एमडीसुद्धा करता येतं. म्हणजे हे कोणा परक्या देशातलं चैनीचं शास्त्र नव्हे. आपल्या दारातलं आहे.

ही सेवा अगदी शेवटच्या दिवसांसाठी आहे, हा समजही जुना झाला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. जेनिफर टेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांना निदान झाल्याझाल्याच नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले, निराशा कमी राहिली, शेवटी-शेवटी त्यांच्यावर जड उपचारांचा भडिमार कमी झाला, आणि तरीही ते बाकीच्यांपेक्षा सुमारे पावणेतीन महिने जास्त जगले. हे तुम्ही वाचलेलं असणार. तरी दरवर्षी जगात ज्या सुमारे पावणेसहा कोटी माणसांना अशा सेवेची गरज पडते, त्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून विनंती: निदान लिहिता त्याच कागदावर पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे पाठवण्याची चिठ्ठी लिहा. उपचार थांबवून तिकडे पाठवा असं मी म्हणत नाही. उपचार चालू असतानाच पाठवा.

तिसरी तक्रार वेदनेची. आईच्या पोटातून पाठीत जाणारी कळ मी पाहिली आहे. ती गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडायची आणि शाल दातात धरायची. गोळ्या चालू होत्या, पण त्या कळेला त्या पुरणाऱ्या नव्हत्या. मॉर्फिनचा विषय मी काढला तेव्हा उत्तर आलं, "इतक्या लवकर नको, सवय लागेल." औषधांच्या दुकानांत विचारलं तर दुकानदारांनी मान हलवली.

डॉक्टर, औषधासाठी लागणारी अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांची अशी गुंतागुंत करून ठेवली होती की मॉर्फिन ठेवणंच रुग्णालयांनी सोडून दिलं. २०१४ मध्ये संसदेने तो कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरते. कायदा बदलला, तरी अनेक रुग्णालयांनी ती मान्यता घेतलेली नाही. नियमाने, मोजून, तोंडावाटे दिलेल्या मॉर्फिनने कर्करोगाचा रुग्ण व्यसनी होत नाही, हे मला पुण्याच्या त्या डॉक्टरांनी समजावलं. गोळी दुखायला लागल्यावर द्यायची नाही, घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची; सोबत बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू करायचं; पहिले काही दिवस मळमळ होईल, ती ओसरेल. सगळं त्यांनी एका वहीत लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने पाय लांब केले, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "जरा मऊ भात कर, वर मेतकूट घाल." त्यापुढच्या दिवसांत ती घराबद्दल बोलायला लागली. कळ डोक्यात असताना माणूस दुसरा कसला विचार करणार? तुमच्या रुग्णालयाला अशी मान्यता नसेल तर ती घ्या. असेल तर वेदना घेऊन आलेल्या माणसाला थांबवून ठेवू नका.

चौथी तक्रार: तुम्ही रुग्ण घरी पाठवलात, पण घराला तयार केलं नाहीत. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं होती. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशी कशी बदलायची, चादर धरून दोघांनी माणूस वर कसा सरकवायचा, कोरडं पडलेलं तोंड ओल्या कापसाने कसं पुसायचं, युरिन बॅग केव्हा रिकामी करायची, हे कोणी दाखवलं नाही. रुग्णखाट आणि एअर बेड गावातल्या एका संस्थेकडून अनामत रक्कम भरून मिळतात, हेही शेजाऱ्यांनी सांगितलं. पुढे आईचं खाणं सुटलं तेव्हा घरात रोज वाद. एक काका म्हणायचे, "सलाइन लावा, उपाशी ठेवून मारताय का तिला?" अखेरच्या दिवसांत शरीरच अन्न-पाणी मागेनासं होतं, जबरीने भरवलं किंवा सलाइन चढवलं तर कधी-कधी धाप आणि सूज वाढते, घशातली घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटली तरी रुग्णाला ती बहुधा जाणवत नाही, हे एका जाणत्या माणसाने आधी शांतपणे सांगितलं असतं, तर तो वाद झाला नसता. विनंती अशी: घरी सोडण्याआधी परिचारिकेकडून घरातल्या दोन माणसांना हे प्रत्यक्ष करून दाखवा. मराठीत छापलेला एक साधा कागद हातात द्या. आणि रात्री-बेरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या. यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही.

पाचवी तक्रार अखेरच्या रात्रीची आहे, आणि ती कायद्याशी जोडलेली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला, तेव्हापासून उपचार थांबवून मरण येऊ द्यायचं का, हा प्रश्न मराठी घरांत चर्चेला आहे. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे अखेरीस कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. त्याची पद्धत फार किचकट होती, ती जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानेच सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतलं की पुरतं. "मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, मला घरी मरायचंय," हे आईने आम्हाला तोंडी सांगितलं. ते कागदावर कसं आणायचं, हे तुमच्या रुग्णालयात आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्यामुळे शेवटच्या रात्री श्वास लागला तेव्हा प्रत्येक नातेवाईक ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणत होता आणि आमच्याजवळ दाखवायला आईच्या सहीचा कागद नव्हता. भाऊ दारात उभा राहिला म्हणून ती आयसीयूत गेली नाही.

पहाटे ती गेली. घरी मृत्यू आला की मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो ताबडतोब आणि विनामूल्य द्यायचा असतो. प्रत्यक्षात, "आम्ही शेवटचं तपासलेलं नाही, सरकारी दवाखान्यात न्या," असं ऐकून देह घेऊन हिंडणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. आमच्यावर ती वेळ आली नाही, कारण पेठेतले जुने फॅमिली डॉक्टर हाक मारल्याबरोबर आले, नाडी पाहिली, ओसरीवर बसून फॉर्म भरला आणि आईच्या पायांना हात लावून गेले. ते तिचे विद्यार्थी होते. ज्यांच्या पेठेत असे डॉक्टर नाहीत, त्यांच्यासाठी मागणं आहे: रुग्ण घरी सोडतानाच त्याच्या जवळच्या एका डॉक्टरांशी स्वतः बोला, आजाराचा सारांश त्यांना पाठवा, आणि दाखला कोण देणार हे त्याच दिवशी ठरवा.

आता घराबद्दल. तुम्ही म्हणाल, याच्याशी आमचा काय संबंध? तो दाखवायलाच मी लिहायला बसले आहे.

वेदना आटोक्यात आली आणि खरं काय ते बोलून झालं, त्यानंतर आईला थोडे बरे दिवस मिळाले. माजघरात रुग्णखाट होती. तिथून ती भावाला एकेक वस्तू काढायला सांगायची. आधी देव्हारा उतरवायला लावला. खंडोबा, जोतिबा, भवानी असे टाक ताटात मांडले. त्यातला एक बोटाने वेगळा केला आणि म्हणाली, "हा आपल्या घरचा नाही. माझ्या आईचा. मामाकडे पोचवा." बाकीचे मोठ्या काकांच्या घरी, कारण कुळाचार त्यांच्याकडे चालतो. मग फडताळ. तांब्याचा बंब धुणं-भांड्यांना येणाऱ्या मावशींना, पाटा-वरवंटा माझ्याकडे, साड्यांतल्या दोन इरकली सुनेला आणि बाकीच्या "बोहारणीला घालू नका, शाळेच्या शिपाईबाईंना विचारा." चाव्यांच्या जुडग्यातली कोणती चावी कोणत्या कपाटाची, ते सांगून तिने प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायला लावला. हे करताना तिच्या चेहऱ्यावर, पहिलीचा वर्ग दुसऱ्या बाईंच्या ताब्यात देताना असायची, तशी नीटनेटकी घाई होती. दमली की डोळे मिटायची, उठली की पुढचा खण.

एवढं आवरलं आणि ग्लानी वाढली. माळा, काळी ट्रंक आणि कागदपत्रांचं कपाट राहून गेलं.

ती गेल्यावर आम्ही घर उपसलं तेव्हा हा फरक जागोजागी दिसला. तिने सांगून ठेवलेल्या वस्तू पहिल्या महिन्यातच बिनबोभाट जिथल्या तिथे गेल्या. कोणी रुसलं नाही, कोणी शंका घेतली नाही, कारण शब्द तिचा होता. राहिलेल्या वस्तूंनी आम्हाला छळलं. माळ्यावरच्या पितळी भांड्यांवर नावं कोरलेली होती. त्यातली निम्मी माणसं कोण, हे सांगणारं आता कोणी नाही. ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा होता. तो वाचायचा की जाळायचा, यावर माझं आणि भावाचं अजून एकमत नाही. आणि त्याच ट्रंकेत भिशीची वही होती. आई पेठेतल्या बायकांची भिशी चालवायची. वहीत नावांची आद्याक्षरं, आकडे, काहींपुढे बरोबरची खूण. कोणाचे पैसे पोचलेत आणि कोणाचं देणं आहे, हे त्यावरून उलगडत नव्हतं. पेठेतल्या बायका एकेक करून आल्या, संकोचाने आपला आकडा सांगितला आणि तो आकडा आम्ही दिला. पैशांचं दुःख नाही. उभ्या आयुष्यात कोणाची पै न ठेवलेल्या बाईच्या माघारी तिच्या दारात हिशोबासाठी बायकांना यावं लागलं, याचं दुःख आहे. तिला ती वही हातात मिळाली असती, तर अर्ध्या तासाचं काम होतं.

कागदपत्रांचंही तेच. बँकेतल्या मुदत ठेवींवर नामांकन वडिलांच्या नावाचं होतं आणि वडील आधीच गेलेले. एका फॉर्मवर एक सही, एवढ्यावर ते बदललं असतं. माहेरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर तिचं नाव लागलेलं होतं. तिला आपला हिस्सा धाकट्या भावाला सोडायचा होता. ती हे आमच्याशी बोललीही. पण हक्कसोडपत्र तयार करून त्याची नोंदणी करण्याइतकी उसंत उरली नाही. मृत्युपत्र नव्हतंच. नामांकन असलं तरी नामांकित माणूस मालक ठरत नाही, वारसांचा हक्क वेगळा असतो, ही गोष्ट आपल्याकडे शिकलेल्या घरांनाही माहीत नसते. तिथून भाऊबंदकी सुरू होते. आमच्यात ती झाली नाही. पण आईची इच्छा आजही तलाठी कार्यालयात, वारसनोंदीच्या रांगेत उभी आहे.

उरलेल्या औषधांचा डबाही घरातच होता. त्यात मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. त्या कचऱ्यात टाकायच्या नसतात एवढं कळत होतं. कुठे द्यायच्या हे कोणी सांगत नव्हतं. शेवटी जिथून आणल्या तिथेच नेऊन नोंद करून परत दिल्या. हे तुम्ही देतानाच सांगू शकता.

म्हणून माझी सहावी विनंती. बरा न होणारा आजार आहे हे सांगाल, त्या भेटीत एक वाक्य वाढवा: "तब्येत साथ देतेय तोवर बँकेचे, जमिनीचे कागद बघून घ्या, आणि मनात असेल ते घरच्यांशी बोलून घ्या." हे वाक्य वकील बोलला तर लोकांना लोभ दिसतो, मुलगा बोलला तर घाई दिसते. तुम्ही बोललात तर ते औषधाच्या चिठ्ठीइतक्याच विश्वासाने पाळलं जाईल.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. एका ओपीडीत शंभर-शंभर रुग्ण, त्यात असं बोलणं बसवायला फुरसत कुठे? वाईट बातमी कशी सांगायची हे तुमच्यातल्या पुष्कळांना महाविद्यालयात शिकवलंच गेलं नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याची स्वतंत्र शिकवण आली ती २०१९ मध्ये. आशा सोडली म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाणारी कुटुंबं आहेत, आणि मृत्यूनंतर रुग्णालयावर हात उगारणारी माणसंही आहेत. या भीतीपोटी 'बघू या' म्हणणं सोपं पडतं. पण आधी स्पष्ट सांगितलेलं असेल तर धक्का आणि संताप दोन्ही कमी होतात. वेळ तुम्हाला एकट्याला काढता येत नसेल, तर रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे समाजसेवकाची, समुपदेशकाची, प्रशिक्षित परिचारिकेची मागणी करा. तुमच्या मागणीला तिथे जे वजन आहे, ते आम्हा नातेवाइकांच्या अर्जाला नाही. आणि आम्हीही आमच्याकडून एक गोष्ट करू शकतो: खरं सांगणाऱ्या डॉक्टरवर राग न धरता त्याचे आभार मानायला शिकू. निदान हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ते करावं, अशी माझी विनंती आहे.

आईचा आजार बरा होण्यातला नव्हता. त्याबद्दल माझी तुमच्याकडे काहीही मागणी नाही. मिळालेले बरे दिवस आणखी दोन महिने आधी सुरू होऊ शकले असते, ही मागणी आहे. तेवढ्यात माळा झाला असता, ट्रंक झाली असती, भिशीची वही मिटली असती, मामांच्या नावे जमीन झाली असती. उद्याच्या ओपीडीत असं कोणीतरी तुमच्यासमोर बसणार आहे, आणि त्याच्याही घरी एखादी ट्रंक असेल. लिफ्टजवळ मुलाला गाठण्याऐवजी त्या माणसाला खुर्चीवर बसवा, त्याला काय कळायला हवंय ते विचारा, आणि त्याने विचारलं तर खरं सांगा. आपली निरवानिरव तो आपल्या हाताने करील.



आपली नम्र,
साताऱ्याच्या एका बाईंची मुलगी